आजीकडे असतो

ट्रकमधून कपाट उतरवत होतो, तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधून एक बाई चहाची किटली आणि कपबश्या घेऊन आल्या. ओळख ना पाळख, सरळ आमच्या ओट्यावर बसल्या आणि चहा ओतायला लागल्या. त्या प्रयागवहिनी. त्यांचे यजमान माणिकराव गंगणे मी रुजू होणार होतो त्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. वहिनींनी आमच्या सामानावरून एक नजर फिरवली आणि हेमांगीला, माझ्या बायकोला, विचारलं, "लेकरं?"

कपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं हमालाच्या. मी जागच्या जागी थांबलो. हमाल कुरकुरला.

"एक मुलगा आहे," हेमांगी म्हणाली. "मिहिर. आजीकडे असतो, माहीमला. शाळेमुळे."

"आजीपाशी हाय व्हय? मग काळजी न्हाई," वहिनी म्हणाल्या आणि तिच्या हातात कप दिला.

मिहिर आदल्या पावसाळ्यात गेला होता. पाच वर्षांचा होता. ताप साधाच वाटला होता, नंतर डॉक्टरांनी मेंदूज्वर म्हणून सांगितलं. हॉस्पिटलात पोचायच्या आत टॅक्सीतच संपला.

लोकांना 'लेकरं किती' असं विचारता येऊ नये, म्हणून काही मी मुंबई सोडली नव्हती. उलट मला मुंबईत कोणी काही विचारत नाही, याचाच त्रास व्हायला लागला होता. आमच्या बिल्डिंगमधली माणसं सभ्य. पहिले काही दिवस डबे आणून दिले, मग जिन्यात आम्ही दिसलो की आपापल्या मुलांना घाईघाईने घरात घ्यायला लागली. कोणी त्याचं नाव काढेना. आईने भिंतीवर फोटो लावला, त्याला हार घातला, आणि तीही गप्प झाली. मी तर मुळातच घुमा माणूस. हेमांगी दिवसभर खिडकीत बसून राहायची. दुपारी शाळेची बस आली की उठून आतल्या खोलीत जायची, बस गेली की परत येऊन बसायची. जागा बदला, असं डॉक्टर म्हणाले. मी थेट गावच बदललं.

हिवरसांगवी हे मराठवाड्यातलं कॉलेजचं गाव. एक आर्ट्स-सायन्स, एक बी.एड., तीन वसतिगृहं, आणि उरलेल्या गावाने पोरांना खोल्या भाड्याने द्यायच्या नाहीतर खानावळी चालवायच्या. इकडची माणसं मुंबईला जायला धडपडतात आणि हा टिपणीस उलटा कुठे निघाला, म्हणून माझ्या जुन्या कॉलेजात माझी बरीच थट्टा झाली. मी म्हणालो, हवा चांगली आहे. हवा कसली, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात दात वाजतात.

हमाल गेल्यावर मी हेमांगीला काही विचारलं नाही. मला वाटलं, पटकन तोंडातून गेलं असेल. परक्या बाईसमोर, सामान उतरत असताना, खरं कसं सांगणार? मीही सांगितलं नसतं. दोन-चार दिवसांत ती सावकाश सांगेल, प्रयागवहिनी रडतील, विषय संपेल.

विषय संपला नाही. छोट्या गावात माणसं एकदा विचारून थांबत नाहीत, रोज विचारतात. "मिहिरचं काय कळलं का?" "परीक्षा झाली का वो त्याची?" "आजीला दमवत असंल." संध्याकाळी क्वार्टरच्या बायका आमच्या ओट्यावर जमायच्या आणि हेमांगी उत्तरं द्यायची. त्याला वरणभात आवडतो, पण वरणात डाळ दिसली तर चालत नाही. त्याला समुद्राची भीती वाटते, पण वाळूतून उठवता उठत नाही. सगळं खरं होतं. फक्त ती ते 'होतं' असं न म्हणता 'आहे' म्हणत होती. मी आत पेपर तपासायला बसलेला असायचो आणि माझा हात थांबायचा. एकदा मला बाहेर कोणीतरी हसताना ऐकू आलं. कोण म्हणून पाहिलं, तर ती होती.

आता मी काय करायला हवं होतं? बाहेर जाऊन सांगायचं, की बायांनो, ही खोटं बोलतेय? तिच्या अंगावर जरा मांस चढलं होतं. केसांना तेल लावायला लागली होती. प्रयागवहिनींबरोबर बाजाराला जायची, चवळी-मेथी घेऊन यायची, ज्वारीची भाकरी शिकली होती. मी म्हटलं, चालू दे. कॉलेजात मलाही विचारायचे, मुलगा कसा आहे. मी 'बरा आहे' म्हणायचो आणि वर्गात शिरायचो.

थंडी पडायला लागली तेव्हा मात्र मी घाबरलो.

एका संध्याकाळी घरी आलो, तर ओट्यावर गंगण्यांची धाकटी मुलगी पाठमोरी उभी होती आणि हेमांगी अर्धवट विणलेला निळा स्वेटर तिच्या पाठीला लावून बघत होती. प्रयागवहिनी टाके मोजत होत्या.

"मिहिर आता एवढाच असेल ना हो?" हेमांगीने मला विचारलं.

ती मुलगी सहा पुरी करून सातव्या वर्षात होती. म्हणजे आमचा मुलगा नुसता जिवंतच नव्हता, तो वाढत होता.

"असेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आत जाऊन हातपाय धुतले आणि बराच वेळ तसाच न्हाणीघरात उभा राहिलो. तिला खरंच तसं वाटायला लागलंय, हे माझ्या मनाने त्या दिवशी घेतलं. दुसऱ्या दिवशी पोस्टातून मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जबरदस्तीने काही सांगायला जाऊ नका, अचानक धक्का बसला तर ती पुन्हा सावरेल याची खात्री नाही, सुट्टीत इकडे घेऊन या. सुट्टीला अजून वेळ होता. मी रात्रंदिवस एवढंच धरून बसलो, की तोवर कोणी तिला काही बोलू नये.

आणि नेमके गंगणे मुंबईला निघाले.

गंगण्यांबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस मनाने निर्मळ, अंगाने आडवा, आणि तोंडाला कुलूप नाही. गावात दवंडी द्यायची असेल तर गंगण्यांच्या कानात सांगावं, असं स्टाफरूममध्ये म्हणायचे. प्राचार्यांच्या मुलीचं लग्न ठरतंय हे प्राचार्यांच्या आधी त्यांनी कॅन्टीनमध्ये सांगितलं होतं. त्यांना कसलासा कोर्स करायला मुंबईला जायचं होतं, आणि त्या गावात मुंबईला जाणं हे एकट्याचं काम नसे. कोणी निघाला की सगळ्यांचं सामान त्याच्याबरोबर निघायचं. कोणाच्या भावाला शेंगदाण्याची चटणी, कोणाच्या लेकीला तुरीची डाळ, कोणाच्या पोराला वसतिगृहावर धपाटे. आणि नुसतं पोचवायचं नाही. प्रत्येकाच्या घरी जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, माणसं डोळ्यांनी बघायची आणि परत आल्यावर घरोघरी जाऊन सांगायचं, की तुमचा मुलगा वाळलाय, तुमची लेक मजेत आहे. याला उपकार समजत नसत. न नेणाऱ्यालाच नावं ठेवत.

मी आपण होऊन गंगण्यांना गाठलं आणि म्हणालो, आमच्याकडचं काही न्यायचं नाही, तुम्हाला माहीम लांब पडेल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मुंबईला जाऊन तुमच्या लेकराला न बघता आलो तर आमची मंडळी मला घरात घेनार न्हाई," असं म्हणून ते हसत निघून गेले. मला वाटलं, पत्ता तर माझ्याकडेच आहे, कुठे जाणार आहेत?

दोन दिवसांनी कॉलेजातून घरी आलो, तेव्हा ओटा रिकामा होता. हेमांगी मेथी निवडत होती. गंगणे दुपारच्या गाडीने गेले म्हणाली.

"आपल्याकडचं काही दिलंस?"

"स्वेटर. आणि वहिनींनी शेंगदाण्याचे लाडू केले होते, ते."

"पत्ता?"

"ऑफिसातून घेतला म्हणाले. तुमचा कायमचा पत्ता तोच आहे ना."

मी तिच्यासमोर बसलो. मीही मेथीची एक जुडी ओढून घेतली. मला विचारायचं होतं, की तुला कळतंय का काय होणार आहे. शब्द मोजून मापून मी म्हणालो, "गंगणे आईकडे जातील."

"हो," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय?" तिने माझ्या हातातली जुडी काढून घेतली. "देठं घेताय तुम्ही. पानं घ्या."

दुसऱ्या दिवशी तास बुडवून पोस्टात गेलो. आईकडे फोन नव्हता. शेजारच्या कर्णिकांकडे होता. ट्रंककॉल नोंदवला आणि बाकावर बसून राहिलो. आईला काय सांगणार होतो? की एक आडवा गृहस्थ येईल, त्याला सांग, मिहिर शाळेत गेलाय? जिने स्वतःच्या हाताने नातवाच्या फोटोला हार घातला, तिला तो फोटो उतरवून ठेवायला सांगू? माझी आई कधी भाजीवाल्याशीसुद्धा खोटं बोलली नव्हती. खिडकीतून माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठून गेलो आणि कॉल रद्द करायला सांगितला. माहीम लागलंय, बोला ना, असं तो माणूस दोनदा म्हणाला.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मलाच माहीत. गंगणे आईकडे जाणार, फोटो बघणार, हे ठरलेलं होतं. परत येऊन बोलणार, हेही ठरलेलं होतं. आधी प्रयागवहिनींना, मग स्टाफरूममध्ये, मग गावभर. बायका ओट्यावर येऊन हेमांगीच्या गळ्यात पडून रडणार नाहीतर तिला वेडी म्हणून लांबून बघणार. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नव्हतं. मला एकच दिसत होतं, की कोणाच्या तरी तोंडून तिला ते पुन्हा ऐकायला लागेल, आणि ती परत खिडकीत जाऊन बसेल, आणि या वेळी उठणार नाही. मी मनात राजीनामा लिहिला, पुसला, परत लिहिला. आणखी लांबचं कुठलं तरी गाव शोधावं असंही वाटलं. हेमांगी मात्र शांत होती. संध्याकाळी अंगणात सडा घालून एस.टी. स्टँडच्या रस्त्याकडे बघत उभी राहायची.

गंगणे आले ते रविवारी सकाळी. मी त्यांना रिक्षातून उतरताना पाहिलं. त्यांना घरात जाऊन बायकोशी बोलायला वेळ मिळू नये, आधी मी गाठावं, म्हणून चपला शोधायला लागलो. त्या मिळेपर्यंत ते बॅग घेऊन थेट आमच्याच ओट्यावर आले. मागोमाग प्रयागवहिनीही आल्या.

हेमांगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी दारात उभा राहून गंगण्यांच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न करत होतो. ते माझ्याकडे बघतच नव्हते. पाणी प्याले, तोंड पुसलं, बॅग पायाशी सरकवली.

"जाऊन आलो वैनी," ते म्हणाले. "आईंची तब्येत बरी हाय. गुडघे दुखत्यात म्हनल्या."

"आणि मिहिर?" हेमांगीने विचारलं.

गंगण्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आलं. मी दाराची चौकट धरली.

"बरा हाय," ते म्हणाले. "मजेत हाय लेकरू."

मला प्रथम राग आला. खरं सांगतो, त्यांच्या तोंडावर मारावंसं वाटलं. एवढे दिवस मी ज्या गोष्टीला घाबरत होतो ती टळली, याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

"स्वेटर दिला. जरा मोठा होतोय अंगात," गंगणे पुढे म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "लाडू खाल्ला न्हाई. आधी बिस्किट पायजे म्हनला. क्रीमचं. ते उघडून आतलं क्रीम चाटलं आन् बिस्किटाच्या दोन्ही चकत्या आजीच्या हातात देऊन टाकल्या."

हे बरोबर होतं. मिहिर तसंच करायचा. चकत्या आईच्या हातात ठेवून म्हणायचा, आजी, हे तुझं जेवण. ही गोष्ट हेमांगीने ओट्यावर कधी सांगितली नव्हती. गंगणे त्या फोटोखाली बसले होते, आणि माझ्या आईने, जी माझ्याजवळ त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नव्हती, त्यांना सगळं सांगितलं होतं.

"हे तुझं जेवण म्हनला," गंगणे म्हणाले.

हेमांगी ओट्याच्या कडेला टेकली. "अजून?"

"अजून काय… झोपताना आजीच्या कानाची पाळी धरतो. हातात कानातलं लागलं तर काढ म्हनतो. आईंनी कुडी काढून ठिवलीत की त्याच्यापायी. रिकामेच कान हायत त्यांचे."

"हो," हेमांगी म्हणाली. "कुडी टोचतात त्याला. अजून?"

ती पुढे पुढे सरकत होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं, तहान लागलेल्या माणसासारखं. गंगणे सांगत होते, चढत होते, आता तो समोरच बसलाय अशा थाटात हातवारे करत होते. मिहिर शाळेतून येताना जिन्याच्या पायऱ्या कशा मोजतो आणि सातानंतर परत एकपासून सुरू करतो. मिहिर कर्णिकांच्या कुत्र्याला काका कसा म्हणतो. मला दिसत होतं, की हा भला माणूस तिला हाताला धरून खोल पाण्यात नेतोय. डॉक्टरांचं बोलणं मला आठवत होतं. पण आता गप्प राहिलो तर ती कायमची तिकडेच राहील, असं वाटलं, आणि माझा धीर सुटला.

"पुरे, गंगणे सर," मी म्हणालो. "हेमांगी, ते खोटं सांगताहेत. मिहिर गेला. मिहिर नाही आता."

प्रयागवहिनींनी पदर तोंडाला लावला. मिहिर गेला त्या दिवसानंतर त्याचं नाव मी मोठ्याने घेतलं ते पहिल्यांदा, आणि घेतलं ते हे सांगायला.

हेमांगीने माझ्याकडे वळून पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि अगदी शुद्धीवर होते. मी त्यात जे शोधत होतो, ज्याला एवढे महिने घाबरत होतो, ते तिथे नव्हतंच.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "टॅक्सीत तो माझ्या मांडीवर होता. तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होतात. मला काय सांगता?"

मी दाराची चौकट सोडली आणि उंबऱ्यावर बसलो.

"तिथे कोणी त्याचं नाव घेत नव्हतं. तुम्ही नाही, आई नाही. तो नव्हताच कधी, असं वाटायला लागलं होतं मला." तिचा आवाज जराही चढला नाही. "इथे निदान विचारतात तरी. बोलू द्या त्यांना."

मग ती गंगण्यांकडे वळली. "बोला भाऊजी. खोटं आहे ते मला कळतंय. तुम्ही बोला."

गंगण्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, थांबले, परत सुरुवात केली. कुत्र्याचं पुन्हा सांगितलं. बिस्किटाचं पुन्हा सांगितलं. प्रयागवहिनींनी मधेच चहा आणला, तो कोणी घेतला नाही. उन्हं ओट्यावर आली तेव्हा त्यांच्याजवळचं सगळं संपलं.

"मला एवढंच ठावं हाय वैनी," ते म्हणाले. "मी तर लेकराला पाह्यलंबी न्हाई." आणि मग सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, पुढचं तुमी सांगा."

हेमांगीनेही माझ्याकडे पाहिलं.

पाच वर्षं मी त्याचा बाप होतो. रोज संध्याकाळी त्याचं बोट धरून चौपाटीवर नेत होतो. मी तोंड उघडलं. "मिहिर," एवढं म्हणालो, आणि पुढे मला काहीही सापडेना. एक वाक्य नाही, एक खोड नाही. मी आत शोधत राहिलो आणि सगळीकडे माझंच घुमेपण भरून राहिलं होतं.

हेमांगीने बराच वेळ वाट पाहिली. मग ती उठली आणि कपबश्या गोळा करायला लागली.